आधी वर्गणी, मग सोंगट्या
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या रमजान ईदला माझा भाचा पुण्याहून भंडाऱ्याला आला होता. शिरखुर्म्याची दुसरी वाटी संपवता संपवता त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, ‘‘मामू, जरा बघा आणि सांगा, माझे पैसे बुडाले का?’’

मला वाटलं, शेअर बाजार असेल, नाहीतर हा कुणा दामदुप्पटवाल्याच्या नादी लागला असेल. आपल्याकडे त्यांची काही कमी नाही. पण प्रकरण वेगळंच निघालं. २०२१ साली, घरून काम करता करता कंटाळलेला असताना, त्याने परदेशातल्या काही मंडळींना साडेनऊ हजार रुपये पाठवले होते. कशासाठी? तर पटावर खेळायच्या एका खेळासाठी. तो खेळ तेव्हा तयार नव्हता. चित्रं होती, नियमांची चोपडी होती आणि डिसेंबर २०२२ पर्यंत खोका घरपोच मिळेल असं वचन होतं. खोक्यात साठ-सत्तर प्लास्टिकच्या बाहुल्या, पत्ते, फासे. ईद आली, गेली, पुन्हा आली. खोका आला नाही. सुरुवातीला दर महिन्याला खुलासा यायचा. मग तीन महिन्यांनी यायला लागला. आता वर्ष झालं, तिकडून शब्द नाही.

मला आधी हसू आलं. आमच्या लहानपणी अंगणात विटेच्या तुकड्याने घरं आखली, चिंचोके फोडून फासे केले आणि फुटक्या बांगड्यांच्या सोंगट्या मांडल्या, की अष्टाचल्लस सुरू व्हायचं. भांडवल शून्य. देवळाच्या ओट्यावर वाघबकरीचा पट दगडातच कोरलेला असायचा, बकऱ्या म्हणून खडे. या खेळासाठी कुणी कुणाला आगाऊ पैसे दिल्याचं ऐकलं नव्हतं.

पण हसू लवकरच थांबलं. कपाटाच्या तळाशी असलेलं माझं पावतीपुस्तक मला आठवलं. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी या रीतीचा थोडा इतिहास सांगायला हवा. वस्तू तयार व्हायच्या आधीच चार लोकांकडून पैसे घ्यायचे आणि त्या पैशांतून ती वस्तू करायची, ही रीत भाच्याला वाटते तशी इंटरनेटने काढलेली नाही.

इंग्रजांच्या देशात अठराव्या शतकात पुस्तकं अशीच निघत. डॉ. सॅम्युअल जॉन्सन, ज्यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला, त्यांनी पुढच्याच वर्षी शेक्सपिअरची नाटकं संपादून काढण्याची योजना जाहीर केली. वर्गणी दोन गिनी. एक नाव नोंदवताना, एक पुस्तक हाती पडल्यावर. मुदत १७५७ च्या नाताळपर्यंतची. लोकांनी पैसे दिले. नाताळ उलटला. १७६२ साली चर्चिल नावाच्या एका कवीने जॉन्सनची छापील टर उडवली. पैसे घेतोस आणि पुस्तक देत नाहीस, असा त्याचा रोख होता. अखेर १७६५ च्या ऑक्टोबरात आठ खंड निघाले. म्हणजे आठ वर्षं उशीर. वर्गणीदारांच्या नावांची यादी पुस्तकात का नाही, असं कुणी विचारलं तेव्हा, नावं हरवली आणि पैसे खर्च झाले, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं म्हणतात. एवढा मोठा माणूस, आणि हिशेब असा. मात्र पुस्तक उत्तम निघालं. ते दिलेल्या पैशांपेक्षा जास्त किमतीचं होतं, असंच पुढच्या पिढ्यांनी मानलं.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं चाळलीत तर आरंभी किंवा शेवटी ‘आश्रयदात्यां’ची नावं दिसतात. अमुक प्रती अमुक संस्थानिकांनी घेतल्या, तमुक वकिलांनी घेतल्या. छापणाऱ्याला भांडवल आणि देणाऱ्याला मान. जॉन्सनने हरवलेली यादी आपल्या लोकांनी जपून छापली, याचं मला कौतुक वाटतं.

पण या रीतीचं मराठीतलं सर्वांत मोठं उदाहरण आमच्या बाजूचं आहे. त्यावर जरा थांबतो.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरचा. तेव्हा रायपूर, नागपूर, भंडारा हे सगळं एकाच मध्य प्रांतात होतं. रायपूरहून नागपूरला जाणारी रेल्वे आजही आमच्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून जाते. केतकर अमरावतीला शिकले, मुंबईला शिकले, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९११ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. असा माणूस परत येऊन सुखाची नोकरी धरू शकला असता. त्यांनी धरलं ते भलतंच. मराठीत एक विश्वकोश करायचा. सरकार नाही, संस्थानिक नाही, विद्यापीठ पाठीशी नाही. त्यांनी नागपूरला ज्ञानकोश मंडळ या नावाची लिमिटेड कंपनी काढली आणि १९१६ च्या सुमाराला कामाला आरंभ केला. भाग विकायचे, वर्गणीदार मिळवायचे, त्या पैशांत खंड लिहून घ्यायचे आणि छापायचे.

कल्पना करा. महायुद्धाचे दिवस. कागद महाग. शिकलेल्यांची संख्या मूठभर. अशा वेळी एक गृहस्थ वऱ्हाड-नागपूरच्या गावोगाव हिंडतो आहे, वकिलांच्या, मास्तरांच्या, मालगुजारांच्या ओसरीवर बसतो आहे आणि सांगतो आहे, की जगातलं सारं ज्ञान मी मराठीत आणतो, तुम्ही आज पैसे द्या. दाखवायला त्याच्यापाशी काय आहे? माहितीपत्रक आणि स्वतःचं तोंड. भाच्याच्या त्या परदेशी मंडळींपाशी निदान रंगीत चित्रं तरी होती.

पहिला खंड निघायला १९२० साल उजाडलं. चार वर्षं! या चार वर्षांत वर्गणीदारांच्या घरात काय बोलणं होत असेल, याचा अंदाज मला अनुभवाने करता येतो. पुढे काम पुण्याला गेलं, स्वतःचा छापखाना झाला, लेखकांचा ताफा उभा राहिला, आणि १९२० ते १९२९ या काळात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे एकूण तेवीस खंड लोकांच्या हाती पडले. केतकरांनी आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या मते खंडांइतकीच मोलाची आहे. मंडळाचा सगळा इतिहास त्यांनी स्वतः लिहून १९२७ साली प्रसिद्ध केला. ‘माझे बारा वर्षांचे काम’ असं त्याचं नाव. ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांना काय केलं, कसं केलं, हे सांगायला तो माणूस बांधील होता आणि त्याने सांगितलं.

त्याची किंमत कुणी मोजली? वर्गणीदारांना पुस्तकं मिळाली. केतकरांना काय मिळालं? पुढे गुजराती ज्ञानकोशाचं काम हाती घेतलं, ते पुरं झालं नाही. एक काम निभावलं की दुसरंही निभावेल असं वाटतं. हा मोह आजच्या खेळवाल्यांनाही सुटलेला नाही. १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पण पैशाची चणचण गेली नाही. १९३७ च्या एप्रिलमध्ये पुण्यात ते गेले तेव्हा वय त्रेपन्न. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, मूळच्या एडिथ कोहन, यांनी विंटरनिट्झ या पंडिताचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणला. बाई मोठ्या विद्वान. ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या नावाचं त्यांचं आत्मचरित्र आहे. वर्गणीच्या धंद्यातला धोका नेहमी देणाऱ्याचाच असतो असं नाही, हे केतकरांच्या घराकडे पाहिलं की कळतं.

त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड चालवला. माणशी एक पैसा मागायचा आणि देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. इथे देणाऱ्याचा धोका किती? एक पैसा. बुडाला तरी चूल विझत नाही. गुजरातेत हीच युक्ती सत्तर वर्षांनी वापरली गेली. पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले आणि १९७६ साली श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ निघाला. पटकथेत आपले विजय तेंडुलकर होते आणि पडद्यावर आपली स्मिता पाटील. तिथे तर मागे दूध संघांची पक्की घडी होती. पैसे कुणी घेतले, कुठे गेले, हे गावच्या डेअरीवर विचारता येत होतं.

आणि आमच्या झाडीपट्टीत काय चालतं? दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, मग शंकरपट, आणि त्या रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडसा देसाईगंजला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, आगाऊ रक्कम देतं, पेंडॉल घालतं, तिकिटं विकतं. प्रेक्षक पन्नास-शंभर रुपये देतो आणि त्याच रात्री नाटक पाहतो. नाटक रंगलं तर गावाच्या शाळेला, देवळाला दोन पैसे राहतात. अवकाळी पाऊस आला, शेजारच्या गावात मोठं नाटक लागलं, की मंडळाची पोरं कर्जात. २०२० च्या दिवाळीनंतरचा हंगाम महामारीने झोपवला, तेव्हा कलावंतांच्या घरात काय झालं ते आम्ही जवळून पाहिलं. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच ती मिळाल्यासारखं वाटलं.

यात गोम आहे ती अशी. धोका मंडळाचा, म्हणजे तोंडओळखीच्या आठ-दहा माणसांचा. प्रेक्षकाचा नाही. कंपनीची गाडी आली नाही तर रात्री बारा वाजता लोक मंडळाच्या अध्यक्षाला घरातून उठवतात. अध्यक्षाला पळून जायला जागा नसते.

आता भाच्याच्या खेळाकडे येतो. २००९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला किकस्टार्टर नावाची संस्था सुरू झाली. योजना मांडायची, ठरलेल्या मुदतीत ठरलेला आकडा जमला तर पैसे घ्यायचे, नाही जमला तर कुणाचाच पैसा कापायचा नाही. जमलेल्या रकमेतून पाच टक्के संस्थेचे. या बाजारात पटावरचे खेळ इतके चालले, की आज ते तिथलं मोठं दालन आहे. वीस माणसांची कंपनीसुद्धा नसलेले लोक, कधी तर नवरा-बायको दोघंच, कोट्यवधी रुपये उभे करू लागले. २०२० साली ‘फ्रॉस्टहेवन’ या एका खेळाला त्र्याऐंशी हजार लोकांनी मिळून सुमारे एक कोटी तीस लाख डॉलर दिले. वायदा २०२१ चा होता. तो चुकला, पण पुढे खोके लोकांना मिळाले. आपल्या देशातही झैन मेमन यांचा ‘शासन’ हा निवडणुकीच्या राजकारणावरचा खेळ २०१९ साली याच वाटेने निघाला.

मग बुडतात ते कसे? पहिला गाजलेला खटला सांगतो. २०१२ साली अमेरिकेत एका गृहस्थाने व्यापाराच्या आपल्या परिचित खेळाची टिंगल करणारा एक भुताखेतांचा खेळ जाहीर केला. मागितले पस्तीस हजार डॉलर, मिळाले एक लाख बावीस हजारांवर. देणारे साडेबाराशेच्या आसपास. २०१३ च्या जुलैत त्याने हात वर केले. तिथल्या सरकारच्या व्यापार आयोगाने चौकशी केली, तेव्हा कळलं, की पैशातला बराच भाग घरभाड्यात, सामान हलवण्यात आणि स्वतःच्या दुसऱ्या कामात गेला. २०१५ च्या जूनमध्ये आयोगाने लाखावर डॉलर परत करण्याचा आदेश मिळवला आणि तो तिथेच थांबवून ठेवावा लागला, कारण त्याच्यापाशी द्यायला काही नव्हतं. लोकवर्गणीच्या या नव्या बाजारातली आयोगाची ती पहिली कारवाई. गंमत अशी, की खेळाचे कर्ते कीथ बेकर आणि चित्रकार ली मॉयर यांनाही दमडी मिळाली नव्हती. शेवटी क्रिप्टोझोइक नावाच्या एका तिसऱ्याच कंपनीने खेळ छापला आणि पैसे गमावलेल्यांना आपल्या खर्चाने पाठवला. असं भलं माणूस दर वेळी भेटत नाही.

पण लबाडी ही त्यातली थोडी बाजू. जास्त खेळ बुडतात ते हिशेबाने. समजा हजार खोक्यांचा अंदाज केला आणि मागणी आली पाच हजारांची. आपल्याला वाटेल, चांदी झाली. पण मागणी वाढावी म्हणून आधीच कबूल केलेलं असतं: इतके पैसे जमले की दहा बाहुल्या जास्त, तितके जमले की आणखी दहा, फुकट. प्रत्येक बाहुलीला साचा लागतो, साच्याला हजारो डॉलर. खोका जड होतो, आणि टपालखर्च तर आधीच जुन्या वजनावर वसूल केलेला. माल बहुतेक चीनमध्ये तयार होतो आणि जहाजाने जातो. महामारीच्या आधी दीड-दोन हजार डॉलरांत अमेरिकेला पोचणारा कंटेनर २०२१ मध्ये दहा हजारांच्या वर गेला. भाच्याने पैसे दिले ते नेमके त्या वर्षी. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने चिनी मालावरची जकात एकशे पंचेचाळीस टक्क्यांवर नेली आणि महिनाभराने उतरवली. त्या महिन्यात जहाजावर असलेल्या खेळांच्या मालकांची झोप उडाली. आपल्याकडे खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० साली वीसवरून साठ टक्के झालं, २०२३ साली सत्तर. आता आलेला खोका खेळणं आहे की आणखी काही, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवणार. म्हणजे खोका निघाला तरी दाराशी आणखी पैसे मोजावे लागतील.

आणि सगळ्यांत वाईट गोष्ट ती, जी आपल्याकडे भिशी चालवणाऱ्याला पाठ असते. जुन्याचं देणं नव्याच्या पैशातून भागवायचं. पहिला खेळ अर्धा झाला, पैसे संपले, की दुसरा जाहीर करायचा. लक्झेंबर्गच्या मिथिक गेम्स या कंपनीने ‘डार्केस्ट डंजन’ या खेळासाठी २०२० साली लाखो डॉलर जमवले आणि पुढे त्याच लोकांना सांगितलं, की खोका हवा असेल तर आणखी भरा. ज्याने एकदा भरले तो दुसऱ्यांदा का भरतो? पहिले बुडू नयेत म्हणून. जुगाराच्या अड्ड्यावर बसलेल्या माणसाला विचारा, तो जास्त चांगलं समजावून सांगेल.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले ईथन मॉलिक यांनी २०१५ साली किकस्टार्टरच्या हजारो देणगीदारांना विचारून पाहिलं. सुमारे नऊ टक्के योजनांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. त्यांच्याच आधीच्या अभ्यासात, पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त वस्तू उशिरा पोचल्याचं निघालं. मी भाच्याला म्हणालो, ‘‘बेटा, शंभरातले नऊ म्हणजे काही वाईट नाही. आमच्या धानाचा याहून जास्त भरवसा नसतो.’’ तो म्हणाला, ‘‘मामू, पण त्यांनी सांगायला तर पाहिजे ना. नाही जमलं, एवढंच.’’

त्या वाक्याने माझं पावतीपुस्तक कपाटातून बाहेर काढलं.

सोलापूरला १९९० साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. गेलो नव्हतो, बातमी वाचली होती. आपल्यासारखी माणसं मराठीत लिहितात आणि त्यांचं संमेलन भरतं, याने छाती फुगली. बी. ए. झालो, एका राईस मिलमध्ये हिशेब लिहायला लागलो, रात्री कविता. संग्रह छापायला कुणी तयार होईना. मग १९९८ साली मीही तेच केलं, जे केतकरांनी केलं होतं आणि जे मराठीतले प्रकाशक ‘प्रकाशनपूर्व सवलत’ म्हणून करत आले. पावतीपुस्तक छापलं. साठ रुपये आगाऊ, पुस्तक सहा महिन्यांत. भंडारा, पवनी, साकोली, तुमसर, गोंदिया, जिथे सायकल आणि एसटी नेईल तिथे गेलो. दोनशे बारा लोकांनी पावत्या फाडल्या. बारा हजार सातशे वीस रुपये.

कोण होते हे लोक? शाळामास्तर होते, भांड्यांचे कारागीर होते, एक शिंपी होता जो स्वतः दंडारीत गायचा. पवनी तालुक्यातल्या एका गावात एक विडी कामगार होता. त्याने वीस-वीस रुपये तीन हप्त्यांत दिले. पावती क्रमांक एकशे त्रेचाळीस. ‘‘आमच्यावर एक कविता आहे ना जी त्यात?’’ असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. नव्हती. घरी येऊन लिहिली.

त्या पावसाळ्यात अब्बा आजारी पडले. नागपूरला भरती केलं. सात हजार रुपये त्या वर्गणीतून गेले. डॉ. जॉन्सन यांनी आईच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून एक कादंबरी लिहिली, असं त्यांचे चरित्रकार बॉस्वेल सांगतात. मला ते जमण्यासारखं नव्हतं. अब्बा वाचले, त्याबद्दल अल्लाचे आभार, पण छापखान्यात द्यायला उरलेले पैसे कागदालाही पुरेनात. आणि मी काय केलं? गप्प बसलो. ओळखीचा माणूस बाजारात दिसला की गल्ली बदलायचो. ‘‘काऊन जी कवी, पुस्तक छापून नाही झालं का?’’ असं कुणी विचारलं की, प्रुफं तपासणं चालू आहे, असं सांगायचो. दोन वर्षं चालली ती प्रुफं. १९९९ च्या मे महिन्यात गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि माझे पन्नासेक वर्गणीदार दुसऱ्या जिल्ह्यात गेले, तेव्हा मला चक्क बरं वाटलं. इतका माणूस उतरतो.

पुस्तक निघालं २००३ साली. पगारातून पैसे साठवले, थोडं कर्ज काढलं. जवळजवळ पाच वर्षं उशीर. मग सायकलवर प्रती बांधून दारोदार गेलो. सात जण वारले होते. त्यांच्या घरच्यांना प्रती दिल्या. एका मास्तरांनी पुस्तक न उघडता माझ्या हातात परत ठेवलं आणि म्हणाले, ‘‘मला पुस्तकाचं काही नाही. तुम्ही एकदा येऊन सांगायचं होतं.’’ भाच्याचंच वाक्य. वीस वर्षं आधी.

विडी कामगाराच्या गावाला गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. तेंदूपत्त्याच्या दिवसांत कुटुंब बाहेर गेलेलं. पुन्हा जाईन म्हणालो आणि गेलो नाही. पुढे गोसेखुर्दच्या धरणाचं पाणी चढलं आणि ते गावच पाण्याखाली गेलं. एकशे त्रेचाळीस नंबरची प्रत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कपाटात राहिली.

हे सगळं मी भाच्याला ईदच्या दिवशी सांगितलं. आपला मामू आणि ते परदेशी खेळवाले एकाच पंगतीतले, हे ऐकून तो जरा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, ‘‘ती प्रत अजून आहे?’’

दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, त्याच्या मोटारसायकलवर बसून आम्ही पवनीकडे निघालो. पुनर्वसनाची नवी वस्ती शोधायला वेळ लागला. घरं सगळी सारखी, रस्त्यांना नावं नाहीत. किराणा दुकानदाराला नाव सांगितलं तर त्याने नळाजवळचं घर दाखवलं. माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती. सून बाहेर आली. मी पुस्तक दिलं. तिने पदराला हात पुसून ते घेतलं, मागची किंमत वाचली आणि आत जाऊन पाकीट घेऊन आली.

‘‘किती द्यायचे जी?’’

मी पावतीपुस्तक उघडून तिला तिच्या सासऱ्याची सही दाखवली. म्हणालो, ‘‘त्यांनी दिलेत. १९९८ मध्येच.’’